भामरे सर आणि आतला माणूस

भामरे सरांना 'कसे आहात?' असं सहज विचारायची सोय नव्हती. तुम्हीआम्ही 'बरा आहे' म्हणतो आणि पुढे जातो. सर थांबायचे. 'थांबा हं महाजनबेन, बघून सांगतो,' म्हणायचे आणि खरोखरच बघायला जायचे. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे, मान जराशी तिरपी, नजर कुठेच नाही, आणि मागे खाली उतरणाऱ्या पोरांचा लोंढा तुंबलेला. मग परत आल्यासारखे डोळे मिचकावून सांगायचे, 'थोडी धास्ती आहे, पण कशाची ते दिसत नाही. बाकी ठीक.' आणि वर, 'तुमचं काय ते तुमचं तुम्हालाच माहीत.' मला हा माणूस पहिल्या दिवशी चक्रम वाटला. पुढेही वाटतच राहिला, फक्त त्या चक्रमपणाची मला सवय झाली आणि नंतर ओढच लागली.

आमची शाळा गुजरातेत, लिंबायत वस्तीतली, मराठी माध्यमाची. मी भूगोल शिकवते. सर अकरावी-बारावीला मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवायचे. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेडं. खिडक्या लावल्या तरी बाकं हलकी थरथरत असतात, फळ्यावर खडू ठेवला तर घरंगळतो. पोरं बहुतेक खानदेशातल्या घरांतली, काही मराठवाड्या-विदर्भातली. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती, वर्गात मराठी. ती तत्त्वज्ञान घेत, कारण त्याला प्रॅक्टिकल नव्हतं आणि पास होणं सोपं आहे अशी ख्याती होती. सरांना हे ठाऊक होतं. 'येऊ द्या,' ते म्हणत, 'एकदा आत आला की बाहेर पडणं त्याच्या हातात नाही.'

सरांचे शर्ट म्हणजे आमच्या स्टाफरूमचा चेष्टेचा विषय होता. जुने विद्यार्थी कटपीस आणून द्यायचे आणि सर ते बिनदिक्कत शिवून घ्यायचे. साडीच्या डिझाइनचा शर्ट घालून हा लांबलचक, वाळका माणूस वर्गात शिरायचा आणि विचारायचा, 'तुम्हाला दुखतं, म्हणजे नक्की कुणाला दुखतं?'

एक तास मला अजून जसाच्या तसा आठवतो, कारण मी बाजूच्या वर्गातून उठून दाराशी ऐकत उभी होते. सरांनी टेबलावर तीन वस्तू मांडल्या होत्या. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर लावतात तसले भोकं पाडलेले पुठ्ठे, रंगीत धाग्यांची बोबीन आणि मोर विणलेला साडीचा काठ. 'डिझाइन कुठे आहे?' पोरं म्हणाली, पुठ्ठ्यात. 'पुठ्ठ्यात मला भोकं दिसतात. मोर कुठे आहे?' मग धाग्यात. 'धागा सरळ आहे.' मग कापडात. 'हे कापड जाळलं तर मोर मेला का? दुसऱ्या मशीनवर हाच पुठ्ठा लावला तर पुन्हा येईल ना?' पोरं पुठ्ठा उलटून बघायला लागली. सर म्हणाले, 'मेंदूचंही असंच आहे. पेशी दाखवता येतात. दुखणं काढून दाखवा. काही लोक म्हणतात, मन वेगळं आणि शरीर वेगळं, कारागीर वेगळा आणि लूम वेगळं तसं. काही म्हणतात, कारागीर-बिरागीर कोणी नाही, सगळं लूमच आहे. काही म्हणतात, महत्त्वाचा पुठ्ठा. तोच पुठ्ठा कुठल्याही मशीनला लावा, मोर उमटेल. म्हणजे उद्या कॉम्प्युटरलाही मन असेल.' मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, 'सर, खरं काय?'

'मला माहीत नाही,' सर म्हणाले. लोक माहीत असलेली गोष्ट सांगतानाही इतक्या ऐटीत सांगत नाहीत.

विज्ञानाच्या चौधरी सरांना हे अजिबात खपायचं नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडले की जुंपायची. 'भामरे, उगाच गूढ करता. लाइट गेली, लूम बंद. माणसाचंही तेच. संपलं.' सर शांतपणे पोळी तोडत म्हणायचे, 'लूम बंद पडलं तर लूमला वाईट वाटत नाही, चौधरी. तुमची सुट्टी रद्द झाली तर तुम्हाला वाटतं. एवढाच माझा प्रश्न आहे.' मोठ्या बेन, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सत्संगाला जाणाऱ्या. त्या म्हणायच्या, 'अहो, आत्मा आहे ना आत!' तर सर त्यांनाही सोडायचे नाहीत. 'बेन, हे तुम्ही नाव ठेवलंत. उत्तर कुठे दिलंत?' दोन्ही बाजूंनी शिव्या खाणारा एवढा खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ही खुशी गेली ती प्रवीणच्या प्रकरणात. त्या दिवशी सरांनी वर्गात रंगांचे तुकडे आणले होते. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये त्यांचा जुना विद्यार्थी रंग जुळवायच्या कामावर होता, त्याच्याकडून. एक लाल तुकडा वर धरून सर म्हणाले, 'याला आपण सगळे लाल म्हणतो. पण तुझ्या आत जे दिसतं तेच माझ्या आत दिसतं, हे कशावरून?' नेहमीचा खेळ. मग एकेकाला बोलावून तुकड्यांच्या जोड्या लावायला लावल्या. प्रवीण आला आणि त्याने लाल आणि शेवाळी हिरवा शेजारी ठेवले. वर्ग हसला. प्रवीणही हसला, त्याने तुकडे उलटसुलट केले आणि पुन्हा तेच केलं. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

पोराला जन्मापासून रंग नीट दिसतच नव्हते. इतकी वर्षं इतरांचं ऐकून, अंदाजाने, नावं घेत आला होता. आणि बारावी झाली की त्याचे वडील त्याला त्याच पलसाण्याच्या मिलमध्ये रंगखात्यात चिकटवणार होते. सर त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. वडील आधी भडकले, मग पोराला अंगणात उभं करून वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग विचारत बसले. प्रवीण रडायला लागला. तो आता रिक्षा चालवतो, सिग्नलला वरचा दिवा आणि खालचा दिवा असं ओळखतो, आणि मजेत आहे. पण सर मजेत नव्हते. मला म्हणाले, 'महाजनबेन, मी दोन वर्षं त्या पोराला शिकवत होतो, की दुसऱ्याच्या आत काय आहे हे कळत नाही. आणि ते मला त्याच्याच बाबतीत कळलं नाही.' हे सांगताना ते हसले नाहीत, याची मला नोंद घ्यावी लागली.

सरांचा धाकटा भाऊ सुभाष. सर शाळेत मास्तर झाले, सुभाष लहानपणीच लूमवर उभा राहिला. दोघांत त्यावरून कधी कडूपणा नव्हता. सुभाष मोठ्याने हसणारा, मोठ्याने बोलणारा. लूमच्या धडधडीत आवाज कामाला येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. चार मशीन पलीकडच्या माणसाला नुसते ओठ हलवून विचारतील, चहा सांगू का, आणि तो तिकडून मान हलवेल. ती सवय घरीही येते. सुभाषशी बोलायचं तर समोर येऊन बोलावं लागे. त्यात काही विशेष नाही, लिंबायतमध्ये निम्म्या लोकांशी तसंच बोलावं लागतं.

पलसाण्याहून येताना मोटारसायकल घसरली आणि सुभाष डोक्यावर पडला. मोठ्या खाजगी दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावलं. जीव राहिला. पुढे आठवडे गेले. डोळे उघडायचा, मिटायचा, पण आणखी काही नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गुजराती, अतिशय मनापासून बघणाऱ्या. रोज सकाळी कानाशी वाकून हाक मारायच्या, हात दाबायला सांगायच्या, बोट डोळ्यांसमोरून फिरवायच्या. सकाळी तो बहुधा ग्लानीतच असे. शेवटी त्यांनी घरच्यांना बसवून सांगितलं, डोळे उघडे असणं आणि जाणीव असणं वेगळं. जाणिवेची खूण मिळत नाही. यापुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आमच्या लोकांत अशा वेळी 'घरी नेणं' म्हणतात. शेवटचा श्वास गावच्या मातीत जावा म्हणून पेशंटला मशीनवरून काढून गाडीत घालतात. शिंदखेड्याकडचं त्यांचं गाव, तिथपर्यंत हातपंपाने श्वास देत न्यायचं, आणि घराच्या ओट्यावर ठेवून तो पंप थांबवायचा. सगळ्यांना हे ठाऊक असतं, कुणी उच्चारत नाही. गावाहून त्यांचे चुलतभाऊ आबा आले होते, घरातले वडीलधारे. त्यांनी निर्णय घेतला. मुलगा योगेश इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटी कामाला, त्याने मान डोलावली. दुपारी चार वाजता गाडी येणार असं ठरलं.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते, म्हणून हे सगळं मला माहीत आहे. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मंडळी बसलेली. सुभाषची बायको मंगल भिंतीशी उभी होती. भामरे सर तिचे थोरले दीर, म्हणजे भासरे. त्यांच्यासमोर तिने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता की सरळ तोंड वर करून बोलली नव्हती. काही सांगायचं तर योगेशला सांगायची, 'नानाले सांग.' त्या दिवशी ती सरळ चालत सरांसमोर आली.

'नाना, तुम्ही आयुष्यभर पोरेसले हाईच शिकाडं ना? मंग आते सांगा. त्या मझार शेतस का नहीत?'

आत आहे की नाही. त्या बाईने सरांना त्यांचाच प्रश्न विचारला होता. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. चौधरी सरही आले होते, तेही. मी मनातल्या मनात म्हटलं, आता तरी हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा.

'माले माहीत नही,' सर म्हणाले.

'मंग इतलं शिकीसन काय उपेग व्हयना?' ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीशी जाऊन उभी राहिली.

खरं सांगते, मलाही त्यांचा राग आला. वर्गात ऐट वाटणारं ते वाक्य तिथे निर्दय वाटलं.  सर चौधरींना हळूच म्हणाले, 'एक मत असं आहे, की बातमी सगळ्या शेडमध्ये ऐकू गेली तरच ती जाणीव. एका मशीनपाशी राहिली तर नुसती हालचाल. याच्यात बातमी कुठवर जाते, ते बाहेरून कसं बघणार?' चौधरी सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच वाद घातला नाही. म्हणाले, 'भामरे, आता राहू द्या.' तेवढ्यात आबा उठले. 'चार वाजता गाडी येई. ज्याले भेटनं शे त्यानी भेटी ल्या.'

भेटायला एकेकालाच सोडत, तेही तोंडाला मास्क बांधून. सर आत गेले. आम्ही बाहेर मोठ्या काचेशी उभे राहिलो. काचेतून सुभाषचा पलंग दिसायचा, त्याचं तोंड आमच्याच बाजूला. सर त्याच्या उशाशी वाकले, कानाशी काहीतरी बोलले. हात चोळला. गाल थापटला. पुन्हा कानाशी गेले. काही नाही. सुभाषचे डोळे उघडे होते, आमच्या दिशेला.

बाहेर शिपाई जरा मोठा आवाज झाला की खेकसायचा. म्हणून ही माणसं आपल्या सवयीने आवाज न करताच बोलत होती. काचेकडे तोंड करून मंगल योगेशला ओठांनीच काहीतरी विचारत होती, योगेश तसंच उत्तर देत होता, आबा मध्येच हाताने गाडीची खूण करत होते. मला एक अक्षर कळत नव्हतं.

आत सरांची मान वर झाली. ते आमच्याकडे बघायला लागले. मग सुभाषकडे. पुन्हा आमच्याकडे. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. ते पलंगाच्या पायथ्याशी आले, सुभाषच्या नजरेच्या रेषेत उभे राहिले आणि त्यांनी तोंडावरचा मास्क सरळ खाली ओढला. नर्स धावत आली. सरांनी एक हात तिच्यापुढे आडवा धरला आणि आवाज न करता, मोठं तोंड उघडून, सावकाश काहीतरी म्हटलं. माझ्या शेजारी मंगल त्यांच्या ओठांकडे बघत होती.

'काय म्हणताहेत?' मी विचारलं.

'नाना म्हनी ऱ्हायनात, सुभाष, डोया मिट.'

आम्ही काचेला चिकटलो. काही होईना. नर्स सरांचा दंड धरून ओढत होती. आणि मग सुभाषने डोळे मिटले. नुसती पापणी लवली नाही, दाबून मिटले, कपाळाला आठ्या पडेपर्यंत.

'मिटात! त्यास्नी डोया मिटात!' मंगल ओरडली. शिपायाने काही म्हटलं नाही, तोही काचेशी आला होता.

डॉक्टरीणबाई आल्या. 'आ रिफ्लेक्स पण होई शके,' ही आपोआप झालेली हालचालही असेल, असं त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बदललेला होता. त्यांनी स्वतः मास्क काढला, तोंडासमोर जाऊन हिंदीत सांगितलं. काही झालं नाही. परक्या ओठांवरचं त्याला उमगेना. मग मंगलला आत घेतलं. ती नवऱ्यासमोर उभी राहिली, आणि पदर तोंडावरून मागे सारून नुसत्या ओठांनी म्हणाली, वर बघ. तो वर बघायला लागला. खाली म्हणाली, त्याने खाली बघितलं. डॉक्टरीणबाई तिथेच खुर्चीवर बसल्या. 'मने कोईए कह्युं केम नहीं, के ए सांभळता नथी?' मला कुणी सांगितलं का नाही, की ह्यांना ऐकू येत नाही?

मंगलला तो प्रश्नच कळेना. 'कम सुनाई देता है ना, मॅडम. लूम पे सबको कम सुनाता. इसमें बताने का क्या?'

हे असं झालं होतं. काचेबाहेर जो बोलेल त्याच्या ओठांवर सुभाषची नजर जातेय, हे आत सरांच्या लक्षात आलं होतं. बाकी थोडंफार जे ऐकू येत होतं, तेही अपघातात गेलं असावं, असं पुढे तपासात निघालं. इतके दिवस सगळे त्याच्या कानाशी वाकून, तोंडाला फडकं बांधून त्याला हाका मारत होते. डॉक्टरांचा यात काय दोष? लिंबायतमध्ये कमी ऐकू येणं हे दुखणंच नव्हे, ते सांगायचं कुणाच्या डोक्यात येणार? सरांच्याही आलं नाही.

गाडी परत पाठवली. बाहेर रडारड झाली, आबांनी सगळ्यांना पाणी पाजलं. आणि मग हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं. मला ते योगेशच्या तोंडावर दिसलं. तो काचेकडे बघत होता, आणि बघता बघता त्याने काचेकडे पाठ केली. इतके दिवस त्या काचेशी उभं राहून, तोंडं आत करून, त्यांनी सगळं बोलून घेतलं होतं. कधी न्यायचं, पंप कुणी थांबवायचा, सोयऱ्यांना आधी कळवायचं की नंतर. आवाज न करता बोललो म्हणजे कुणाला कळलं नाही, असं ते समजत होते. आणि पलीकडे एकच माणूस असा होता ज्याला फक्त तेच कळत होतं.

सुभाष सावकाश सुधारला. मशीन सुटलं, गळ्याचं भोक बुजलं, एक हात हलायला लागला. अंगाची दुसरी बाजू कायमची गेली. घरी आणला तेव्हा गल्लीत पेढे वाटले. सरांचं सगळीकडे कौतुक झालं. मोठ्या बेननी प्रार्थनेच्या वेळी शाळेसमोर सांगितलं. चौधरी सर तर स्वतःच शोध लावल्यासारखे सांगत सुटले. सर मात्र आकसत गेले. रोज संध्याकाळी भावाकडे जायचे, समोर बसायचे, पेपरातलं काहीबाही ओठांनी सांगायचे, आणि उठायचे.

'विचारा की एकदा,' मी म्हटलं. 'काय दिसत होतं, काय वाटत होतं. जन्मभर ज्याची चौकशी केलीत तो माणूस समोर बसलाय.'

'मला भीती वाटते, महाजनबेन,' ते म्हणाले. या वेळी त्यांना आत जाऊन बघावं लागलं नाही.

ते निवृत्त झाले, त्यानंतरच्या एका रविवारी मी सुभाषला बघायला गेले होते. सर होतेच. मंगल चहा करत होती. अचानक सरांनी खुर्ची पुढे ओढली, सुभाषच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि विचारलं. मला कळावं म्हणून असेल, किंवा स्वतःला धीर यावा म्हणून, पण आवाज काढून विचारलं. 'आम्ही काचेमांगे बोलूत, ते तुले दिखे?'

'दिखे,' सुभाष म्हणाला. त्याचा आवाज घोगरा, शब्द तुटक यायचे. 'गावले लई जातस, असं दिखनं. माले बरं वाटनं.'

सरांनी पुढे विचारलं, 'कसाले लई जातस, ते बी दिखनं का?'

'दिखनं.'

चहाचं आधण उकळून वर येत होतं, मंगलने गॅस बंद केला. सुभाषने एकेक शब्द गोळा केला.

'तरी बी बरं वाटनं,' तो म्हणाला. 'मंग तू थांबाडं.'

तू थांबवलंस, पण तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. झालं ते सांगितलं इतकंच. सर उठले, दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मी मागे गेले. त्यांचा चेहरा मला बघवेना. म्हणाले, 'आत कोणी आहे का, एवढंच मी जन्मभर विचारत आलो. तो आत होता. मी डोळे मिट म्हटलं, त्याने मिटले. मंगलने वर बघ म्हटलं, त्याने बघितलं. तुला काय हवंय, हे एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.' मी म्हटलं, अहो तो जिवंत आहे, हसतो, मंगल आहे, योगेशचं लग्न ठरतंय. 'हो,' ते म्हणाले, 'ते आपल्याला बरं वाटतं.' 

मग ते आत गेले, पुन्हा गुडघ्याला गुडघा लावून बसले. 'आते काय पाहिजे तुले?'

सुभाषला विचार करावा लागला नाही. 'गाव.'

सगळ्यांनी विरोध केला. चौधरी सर चिडून म्हणाले, 'तिथे जवळ साधा दवाखाना नाही. रात्रीबेरात्री छातीत कफ अडकला तर कोण काढणार?' आबांनी फोनवर बजावलं. योगेश म्हणाला, इथे असताना मी बघतो, तिथे कोण? सर सगळ्यांना एकच सांगत होते, 'मी त्याला विचारलंय.' मंगलने मात्र भांडी बांधायला घेतली. कफ ओढायचं छोटं मशीन सर वापरायला शिकले. त्यांना स्वतःचं असं कोणी नव्हतं. त्यांनी लिंबायतची खोली सोडली.

निघाले त्या सकाळी मी गेले होते. भाड्याची मोठी गाडी, मागच्या सीटवर उशांच्या आधाराने सुभाष, शेजारी मंगल. सर पुढे ड्रायव्हरजवळ बसले, जांभळ्या वेलबुट्टीचा तो भयंकर शर्ट घालून. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, 'तिथे पोचलात की कळवा.' आणि जे तोंडून जाऊ नये तेच गेलं, 'त्याला काही झालं तर?'

'होईल,' सर म्हणाले. एवढंच.

गाडी सुरू झाली तसे ते सीटवर गुडघा मुडपून मागे वळले, पाठ पुढच्या काचेकडे आणि तोंड भावाकडे. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, 'काका, सीधा बैठो, पुलिस पकडेगी.' सरांनी लक्ष दिलं नाही. ते ओठांनी काहीतरी सांगत होते, सावकाश, हाताने रस्ता दाखवत. सुभाष टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याचे ओठ हलले, आणि सर मान खाली घालून ऐकल्यासारखे, म्हणजे बघत, थांबले. काय बोलणं चाललं होतं ते मला कळलं नाही. मंगलला कळत होतं, तिने पदर डोळ्यांना लावला.

मी हात हलवला. सरांनी पाहिला नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली तेव्हा ते अजून तसेच उलटे बसलेले होते आणि भावाला काहीतरी विचारत होते.